रिकाम्या चौकटीची कुळकथा

प्राथमिक शाळेच्या गणिताच्या पुस्तकांत एक लहानशी रिकामी चौकट असते. ५ अधिक चौकट बरोबर १२; तर चौकटींत कोणती संख्या बसेल, असा साधा प्रश्न तेथें विचारलेला असतो. मोठ्या माणसांस हें उदाहरण इतकें क्षुल्लक वाटतें कीं, त्यावर क्षणभर थांबावें असें त्यांच्या मनांतहि येत नाहीं. परंतु ज्या मुलानें नुकतीच ५ आणि ७ यांची बेरीज १२ अशी खडखडीत सांगितलेली असते, तेंच मूल ही चौकट दिसतांच गोंधळतें, आणि पुष्कळ वेळां ५ आणि १२ यांची बेरीज करून चौकटींत १७ लिहून मोकळें होतें. मग शिक्षक रागावतात, पालक कपाळाला हात लावतात, आणि मुलाला गणिताचें अंग नाहीं असा निकाल दिला जातो. हा निकाल देण्यापूर्वीं इतिहासाची साक्ष काढणें न्यायाचें होईल. कारण त्या चौकटीपाशीं केवळ हें मूलच अडखळलें आहे असें नाहीं. मोठमोठ्या राष्ट्रांतील विद्वानांस ती नीट ओलांडावयास तीन हजारांहून अधिक वर्षें लागलीं आहेत.

पांच आणि सात मिळून किती, या प्रश्नांत सर्व सामग्री हातीं दिलेली असते. करावयाची असते ती केवळ कृति. उलट, पांचांत किती मिळविले म्हणजे बारा होतील, या प्रश्नांत फळ पुढें ठेवलेलें असतें आणि सामग्रींतील एक जिन्नस लपविलेला असतो. जो दिसत नाहीं त्याला आहे असें मानावयाचें, त्याला जागा द्यावयाची, आणि तो कोण हें कळण्यापूर्वींच त्याच्याशीं व्यवहार करावयाचा, अशी ही तिहेरी अवघड गोष्ट आहे. आपल्या प्राचीन गणित्यांनीं या लपलेल्या संख्येस ‘अव्यक्त’ असें फार अर्थपूर्ण नांव दिलें. अव्यक्त म्हणजे नसलेलें नव्हे. असलेलें, पण अद्यापि प्रकट न झालेलें.

या अव्यक्ताचा एक अति प्राचीन लेखी पुरावा मिसर देशांत सांपडतो. अलेक्झांडर हेन्री र्‍हिंड नांवाच्या स्कॉटिश गृहस्थानें १८५८ सालीं लक्सर येथें एक पपायरसाची गुंडाळी विकत घेतली. ती पुढें लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें गेली. आहमोस नांवाच्या लेखकानें इसवी सनापूर्वीं सुमारें १५५० च्या सुमारास एका त्याहूनहि जुन्या ग्रंथावरून ती उतरून काढिली होती. तींतील चोविसावें उदाहरण असें आहे : एक रास आणि तिचा सातवा भाग मिळून १९ होतात, तर ती रास केवढी ? येथें अज्ञात संख्येला मिसरी लेखक ‘अहा’ म्हणजे रास किंवा ढीग म्हणतो. तिच्यासाठीं त्याच्यापाशीं निराळें चिन्ह नाहीं. तो युक्ति अशी करतो कीं, रास ७ आहे असें खुशाल धरून चालावें. ७ आणि तिचा सातवा भाग १ मिळून ८ झाले. पण पाहिजेत १९. तेव्हां ८ ला ज्या पटीनें वाढविलें असतां १९ येतील, त्याच पटीनें ७ ला वाढवावें. अशा रीतीनें तो १६ आणि वर अर्धा आणि एक अष्टमांश, हें अचूक उत्तर काढतो.

हीच युक्ति आपल्याकडे ‘इष्टकर्म’ या नांवानें प्रसिद्ध आहे. भास्कराचार्यांनीं लीलावती ग्रंथांत तिचा विधि सांगितला आहे. मनास येईल ती इष्ट संख्या धरावी, प्रश्नांत सांगितलेल्या सर्व क्रिया तिजवर कराव्या, आणि जें फळ येईल त्यानें दिलेल्या संख्येला व इष्टाच्या गुणाकाराला भागावें. पेशावरजवळ मर्दान भागांत बख्शाली नांवाचें खेडें आहे. तेथें १८८१ सालीं जमीन खणीत असतां एका शेतकर्‍यास भूर्जपत्रांवर लिहिलेली एक जीर्ण पोथी सांपडली. तिचीं सुमारें ७० पानें शिल्लक राहिलीं असून १९०२ पासून ती ऑक्सफर्ड येथील बॉडलियन ग्रंथालयांत आहे. तिच्या काळाविषयीं विद्वानांत अद्यापि एकमत नाहीं. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या शास्त्रीय परीक्षेंत तिच्या निरनिराळ्या पानांचे काळ निरनिराळे निघाले. पण तींतील एक उदाहरण या विषयास फार महत्त्वाचें आहे. पहिल्यास किती दिलें हें ठाऊक नाहीं. दुसर्‍यास पहिल्याच्या दुप्पट, तिसर्‍यास दुसर्‍याच्या तिप्पट आणि चौथ्यास तिसर्‍याच्या चौपट दिलें. सर्व मिळून १३२ झाले, तर पहिल्यास काय मिळालें? पोथीकार अज्ञाताच्या जागीं १ धरतो. मग १, २, ६ आणि २४ मिळून ३३ होतात. १३२ ला ३३ नीं भागिलें कीं ४ येतात, आणि तेंच उत्तर.

या पोथींत अज्ञात संख्येच्या जागीं एक टिंब दिलेलें असतें. तेंच टिंब शून्याचेंहि चिन्ह आहे. त्याचा अर्थ इतकाच कीं, ही जागा अद्यापि रिकामी आहे, येथें कांहीं तरी यावयाचें आहे. आजच्या शाळकरी पुस्तकांतील चौकट आणि भूर्जपत्रावरील तें टिंब यांचें काम एकच आहे. गंमतीची गोष्ट अशी कीं, आपण आज बेरजेसाठीं जी फुली वापरतों, तिच्यासारखेंच चिन्ह बख्शाली पोथींत वजाबाकीसाठीं येतें; बेरीज मात्र ‘युत’ शब्दाच्या ‘यु’ या अक्षरानें दाखविली जाते. चिन्हें हीं संकेतानें ठरतात, स्वभावानें नव्हे, हें लक्षांत आलें म्हणजे तीं एखाद्या मुलास अपरिचित वाटल्यास नवल वाटणार नाहीं.

परंतु इष्टकर्माला एक मर्यादा आहे. जेथें सर्व व्यवहार पटींचा आणि भागांचा असेल, तेथेंच तें चालतें. एका संख्येंत ५ मिळविले असतां १२ होतात, या अगदीं बाळबोध प्रश्नांत तें फसतें. इष्ट संख्या १ धरली तर १ आणि ५ मिळून ६ होतात. ६ चे १२ करावयाचे म्हणून १ चे २ केले, तर २ आणि ५ मिळून ७ च होतात, १२ होत नाहींत. म्हणजे मोठ्या राशीचा निकाल लावणारी युक्ति लहान मुलाच्या चौकटीपाशीं हार खाते. तेथें दुसरी वाट पाहिजे.

ती वाट म्हणजे ‘विलोमविधि’. आर्यभटानें ४९९ सालच्या आपल्या आर्यभटीयांत तिचा नियम सांगितला आहे, आणि लीलावतींतहि तो आहे. शेवटच्या फळापासून आरंभ करून उलट पावलांनीं मागें यावें. येतांना गुणाकाराच्या जागीं भागाकार, भागाकाराच्या जागीं गुणाकार, मिळवणीच्या जागीं वजाबाकी आणि वजाबाकीच्या जागीं मिळवणी करावी, असें तिचें स्वरूप आहे. बाजारांत गेलेला मुलगा १२ आणे घेऊन घरीं आला. त्यांतील ५ आणे त्याला वाटेंत मामानें दिले. तर निघतांना त्याच्यापाशीं किती होते? येथें मामानें दिलेले ५ मनांतल्या मनांत मामाला परत केले कीं ७ उरतात. मिळवणीच्या प्रश्नाचें उत्तर वजाबाकीनें कां निघतें, हें जें मुलाला अद्‌भुत वाटतें, त्याचें रहस्य येवढेंच आहे. घडलेली गोष्ट उलगडावयाची म्हणजे ती ज्या क्रमानें घडली त्याच्या उलट क्रमानें जावयाचें. शेवटीं बांधलेली गांठ आधीं सोडावी लागते.

पण ही वाटहि सर्वत्र नेत नाहीं. उलट जावयाचें तर शेवटचें फळ ठाऊक असावें लागतें. अज्ञात संख्या जर दोहों बाजूंस असेल, तर आरंभहि अंधारांत आणि शेवटहि अंधारांत. मग मागें तरी कोठून यावयाचें? आर्यभटानें या प्रसंगासाठीं एक स्वतंत्र नियम दिला आहे. दोन मनुष्यांपाशीं कांहीं अज्ञात मोलाच्या वस्तु आणि कांहीं रोकड आहे, आणि दोघांची एकूण संपत्ति सारखी आहे, अशी तो कल्पना करतो. अज्ञात मोलाच्या वस्तूला तो ‘गुलिका’ म्हणतो. रोकडींतील अंतराला गुलिकांच्या संख्येंतील अंतरानें भागिलें असतां एका गुलिकेचें मोल निघतें. पुढें ६२८ सालीं भिल्लमाल येथील ब्रह्मगुप्तानें ब्रह्मस्फुटसिद्धांत रचला आणि त्याच्या अठराव्या म्हणजे कुट्टकाध्यायांत धन, ऋण आणि शून्य यांचे व्यवहार स्पष्ट शब्दांत बांधून देऊन अव्यक्ताच्या समीकरणाचा नियम सांगितला. ऋण संख्येला धन संख्येच्या पंक्तीस बसविल्यामुळें एकाच नियमानें अनेक प्रकारचीं उदाहरणें सुटूं लागलीं, हा त्याचा मोठा उपकार होय.

भास्कराचार्यांच्या हातीं ही विद्या पूर्ण रूपास आली. शके १०३६ म्हणजे १११४ सालीं त्यांचा जन्म झाला, आणि वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं, ११५० सालीं, त्यांनीं सिद्धांतशिरोमणि लिहिला. त्यांच्या बीजगणितांतील एक उदाहरण पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनीं सोडविलें आहे. एकापाशीं ३०० रुपये आणि ६ घोडे आहेत. दुसर्‍यापाशीं त्याच मोलाचे १० घोडे आहेत, पण त्याला १०० रुपये कर्ज आहे. दोघांची मालमत्ता सारखी, तर एका घोड्याचें मोल काय ? आचार्य अज्ञात मोलाला ‘यावत्तावत्’ म्हणतात. जेवढें असेल तेवढें, असा त्याचा अर्थ. त्याचें आद्याक्षर ‘या’ घेऊन आणि ज्ञात रकमेसाठीं ‘रूप’ शब्दाचें ‘रू’ घेऊन दोन्ही पक्ष एकाखालीं एक लिहावयाचे : वर या ६ रू ३००, खालीं या १० रू १००, आणि शेवटच्या शंभरावर ऋणाचें टिंब. मग दोन्ही पक्षांतून ६ घोडे काढून घेतले, आणि दोन्ही पक्षांत १०० रुपये मिळविले, कीं एका बाजूस ४ घोडे आणि दुसर्‍या बाजूस ४०० रुपये राहतात. घोड्याचें मोल १०० रुपये. एकाहून अधिक अज्ञातें असतील तर कालक, नीलक, पीतक, लोहितक अशीं रंगांचीं नांवें त्यांस देत. म्हणूनच एका अज्ञाताच्या समीकरणास ‘एकवर्णसमीकरण’ म्हणत.

या रीतींतील मर्म ‘समशोधन’ या शब्दांत सांठविलेलें आहे. दोन पक्ष सारखे आहेत. एकांतून जें काढाल तेंच दुसर्‍यांतून काढा, एकांत जें घालाल तेंच दुसर्‍यांत घाला, म्हणजे सारखेपणा मोडत नाहीं. तराजूचीं दोन्ही पारडीं ज्यानें किराण्याच्या दुकानांत पाहिलीं आहेत, त्याला याहून अधिक स्पष्टीकरण नको. पांच अधिक चौकट बरोबर बारा, या उदाहरणांतहि दोन्ही पारड्यांतून पांच पांच उचलले कीं एकींत चौकट एकटी राहते आणि दुसरींत सात.

हा विचार केवळ भरतखंडांतच झाला असें मात्र नाहीं. अलेक्झांड्रिया येथील डायोफँटस या ग्रीक गणित्यानें अज्ञातासाठीं संक्षिप्त चिन्ह वापरून दोन्ही बाजूंस सारखें मिळविण्याचा व सारखें वजा करण्याचा नियम दिला होता. त्याच्या आयुष्याविषयींचें एक ग्रीक कोडें प्रसिद्ध आहे. आयुष्याचा सहावा भाग बालपणांत, बारावा भाग तारुण्याच्या उंबरठ्यावर, सातवा भाग विवाहापूर्वीं गेला. नंतर ५ वर्षांनीं पुत्र झाला, तो पित्याच्या आयुष्याच्या निम्मे वर्षें जगला, आणि त्याच्यामागें पिता ४ वर्षें राहिला. १४, ७, १२, ५, ४२ आणि ४ मिळून ८४ हें त्याचें उत्तर. कोडें बेरजेचेंच आहे. पण ज्याची बेरीज करावयाची तें सर्वच अज्ञात वयाच्या आधारानें उभें आहे. इसवी सनाच्या नवव्या शतकाच्या पूर्वार्धांत बगदाद येथें अल्-ख्वारिझ्मी यानें या विद्येवर अरबी भाषेंत ग्रंथ लिहिला. त्याच्या नांवांतील ‘अल्-जब्र’ म्हणजे तुटलेलें सांधून पूर्ववत् करणें. वजा असलेली रक्कम दोन्ही बाजूंस मिळवून तो पक्ष पुरा करणें, असा तिचा गणितांतील अर्थ. याच शब्दापासून इंग्रजीतील आल्जिब्रा हें नांव झालें. आणि स्पॅनिश भाषेंत हाडें बसविणार्‍या वैदूलाहि त्याच मुळापासून बनलेला शब्द लावीत. अरब गणिती अज्ञाताला ‘शय्’ म्हणजे वस्तु म्हणत, इटलींतील गणिती त्याच अर्थानें ‘कोसा’ म्हणूं लागले.

आज प्रत्येक बालकाच्या वहींत दिसणारीं चिन्हें मात्र या मानानें अगदीं अलीकडचीं आहेत. अधिक आणि वजा यांचीं चिन्हें योहान विडमन याच्या लाइप्‌झिग येथें १४८९ सालीं छापलेल्या पुस्तकांत दिसतात. बरोबरीच्या दोन आडव्या रेघा रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श वैद्यानें १५५७ सालीं प्रथम छापल्या. दोन समांतर रेघांइतक्या सारख्या दुसर्‍या कोणत्याहि दोन वस्तु नाहींत, असें कारण त्यानें दिलें आहे. फ्रान्समधील व्हिएत यानें १५९१ सालीं अज्ञातांसाठीं स्वर आणि ज्ञातांसाठीं व्यंजनें योजिलीं. आणि देकार्तनें १६३७ सालीं वर्णमालेच्या शेवटचीं अक्षरें अज्ञातांस देऊन टाकलीं. त्यांतील एक्स जगभर पसरला. राँटगेन यानें १८९५ सालीं शोधलेल्या किरणांचें स्वरूप अज्ञात म्हणून त्यांस तेंच अक्षर दिलें. आणि मराठीनें त्यास आपल्या वर्णमालेंतील ‘क्ष’ची जोड देऊन क्ष-किरण हा शब्द घडविला. अव्यक्ताचें नांव असें गणितांतून निघून रुग्णालयापर्यंत पोंचलें.

महाराष्ट्राशीं या कथेचा संबंध केवळ शब्दापुरता नाहीं. खानदेशांत चाळीसगांवाजवळ पाटण येथें एक शिलालेख आहे. १८६५ च्या सुमारास डॉ. भाऊ दाजी यांनीं तो विद्वानांच्या नजरेस आणला. यादव राजा सिंघण याच्या पदरीं असलेला ज्योतिषी चांगदेव हा भास्कराचार्यांचा नातू. आजोबांच्या ग्रंथांचें अध्ययन चालावें म्हणून त्यानें तेथें मठ स्थापिला, आणि त्या मठास शके ११२८ म्हणजे १२०७ सालीं निकुंभ वंशांतील सोन्हदेवानें दान दिलें. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठींत आहे, आणि मठास कोणत्या मालावर किती द्यावें याचा तपशील त्यांत आहे. बीजगणिताच्या अध्ययनासाठीं बाजारपेठेनें आपला वांटा उचलावा, ही कल्पना या भूमींत आठशें वर्षांपूर्वीं रुजली होती.

पुढें मात्र ही विद्या थोड्या शास्त्र्यांच्या घरांत राहिली. पंतोजींच्या शाळेंत पाढे, पावकी, निमकी, दिडकी आणि औटकी यांचें पाठांतर उत्तम होई. व्यापार्‍याच्या पेढीवर तें उपयोगी पडे. पण अव्यक्ताची गांठ तेथें सहसा पडत नसे. अकबराच्या काळीं १५८७ सालीं फैजीनें लीलावती फारसींत नेली. जॉन टेलर यानें केलेलें तिचें इंग्रजी भाषांतर १८१६ सालीं मुंबईस छापलें गेलें. आणि लगेच १८१७ सालीं कोलब्रुक यानें ब्रह्मगुप्त व भास्कर यांचें गणित लंडनमध्यें प्रसिद्ध केलें. पुण्यास जन्मलेले बापूदेव शास्त्री भास्कराचे ग्रंथ शिकून १८४२ सालीं काशीच्या संस्कृत पाठशाळेंत अध्यापक झाले, आणि जुनें व नवें बीजगणित एकत्र शिकविण्याचें काम त्यांनीं तेथें केलें. समीकरण आणि बीजगणित हे शब्द आज मराठी शाळेंत सहज ऐकूं येतात, त्यामागें ही एवढी परंपरा उभी आहे.

आतां त्या गोंधळलेल्या मुलाकडे पुन्हां पाहावें. अमेरिकेंतील शिक्षणसंशोधकांनीं ८ अधिक ४ बरोबर चौकट अधिक ५, हें उदाहरण प्राथमिक शाळांतील मुलांस घातलें. त्याचा वृत्तांत १९९९ सालीं प्रसिद्ध झाला. बहुतेक मुलांनीं चौकटींत १२ किंवा १७ लिहिले. ७ लिहिणारीं अगदीं विरळा. त्या मुलांस बेरीज येत नव्हती असें नाहीं. बरोबरीचें चिन्ह म्हणजे ‘आतां उत्तर लिहा’ असा हुकूम, अशी त्यांची समजूत झालेली होती. दोन पक्षांचा सारखेपणा हा त्या चिन्हाचा मूळ अर्थ त्यांना कोणी दाखविलाच नव्हता. वर्षानुवर्षें डावीकडे बेरीज आणि उजवीकडे उत्तर असेंच लिहविल्यावर दुसरें काय होणार ?

तेथेंच शिक्षकाची खरी कसोटी आहे. ‘बाजू बदलली कीं चिन्ह बदलतें’ हा मंत्र पाठ करून दिला, तर परीक्षेंत गुण मिळतात. पण अधिकाचें वजा कां झालें हें विचारलें कीं मूल गप्प होतें, आणि पुढच्या इयत्तेंत मंत्र विसरलें कीं सर्वच संपतें. त्यापेक्षां पाटीवर दोन पारडीं काढून दोहोंतून सारखें उचलावयास लावणें, मामाचे पांच आणे मामास परत द्यावयास लावणें, एखादी संख्या धरून ती जुळते कीं नाहीं हें ताडून पाहूं देणें, या तीनहि गोष्टी इतिहासानें पारखून दिलेल्या आहेत. मुलानें अंदाजानें चौकटींत ६ लिहून, बेरीज ११ आली म्हणून तो खोडून ७ लिहिला, तर तो वेंधळेपणा नव्हे; धरून पाहणें आणि ताडून पाहणें ही वाट मिसरी लेखकानें व बख्शालीच्या पोथीकारानेंहि चोखाळली आहे.

बीजगणित म्हणजे केवळ अक्षरांचा खेळ नव्हे, बुद्धि हेंच खरें बीज, अशा आशयाचें वचन भास्कराचार्यांनीं आपल्या ग्रंथांत लिहून ठेविलें आहे. तें बीज प्रत्येक मुलापाशीं असतें. चौकट रिकामी पाहून जें मूल थबकतें, तें अज्ञातापुढें पहिल्यानेंच उभें राहिलेलें असतें; त्या क्षणीं त्यास उत्तर सांगून टाकणें किंवा हिणविणें, दोन्ही सारखेंच घातक. थोडा अवकाश मिळाला, तर तें स्वतःच ७ लिहील, आणि पांचांत ते मिळवून बारा होतात याची खात्री करून मगच पाटी पुढें करील.